कोणाच्या घरी किती माणसं

नरखेड तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठलीही जुनी गोष्ट विचारा, त्यांचा हिशेब पुरापासून सुरू होतो. "पुराच्या आधी दोन वर्षं तुह्या मायचं लग्न झालं." "ही विहीर पुराच्या मागच्या उन्हाळ्यात खंदली." कोणता पूर, असं तिथे कोणी विचारत नाही. 30 जुलै 1991. आषाढातला मंगळवार. त्या दिवशी वर्धा नदी मोवाडात शिरली आणि 204 माणसं गेली.

मोवाड नागपूर जिल्ह्याच्या अगदी वायव्य टोकाला आहे. पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं वरूड, मध्ये नदी. इंग्रजांच्या काळापासून नगरपालिका असलेलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं जुनं गाव. वर्धा सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते. तापीही तिथलीच, पण ती पश्चिमेला वळते आणि वर्धा आपल्याकडे येते. वरच्या अंगाला तिचं खोरं अरुंद आणि उताराचं आहे. डोंगरात रात्रभर पाऊस झाला की पाणी सावकाश चढत नाही, एकदम येतं. मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण मोवाडच्या खालच्या बाजूला, त्यामुळे त्या पाण्याला अडवणारं वर असं मोठं काही नव्हतं.

माझं आजोळ तिथून चार-पाच कोसांवर, जरा उंचवट्यावर. त्या आषाढात आई मला घेऊन माहेरी आलेली होती आणि मी मांडीवरची होते. म्हणजे या पुरातलं मला स्वतःचं काहीच आठवत नाही. जे आहे ते आजीचं, मोठ्या मामांचं आणि मामांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पटवारी साहेबांचं. तिघांच्या सांगण्यात तपशील जुळायचे नाहीत. मामांच्या मते पाऊस दोन दिवसांचा, आजीच्या मते चार. पण एका बाबतीत तिघांचं सांगणं सारखं होतं आणि ते लक्षात यायला मला पुष्कळ वर्षं लागली. तिघंही पुराची गोष्ट घराघरानं सांगत.

आजी पाण्याचं वर्णन फार करत नसे. ती सुरुवातच करायची ती कोणाच्या घरी त्या रात्री किती माणसं होती, इथून. "त्या घरी सासू, सून, तीन लेकरं, अन् आखाडीले आलेली पोरगी. बाजूच्या घरी बुढा एकटा, पोरगा नागपूरले मिलमंदी. त्याच्या पल्याड दोघं भाऊ, पण धाकटा सासुरवाडीले गेलता म्हणून वाचला." ती स्वतः मोवाडात नव्हती. तिची चुलतबहीण तिथे दिलेली होती आणि त्या गल्लीतली घरं तिला तोंडपाठ होती. मला लहानपणी हे कंटाळवाणं वाटायचं. मला पाण्याचा आवाज ऐकायचा असे, छपरावर चढलेली माणसं हवी असत. आजी नावं घेत राही.

आखाडीला आलेल्या पोरीवर ती दरवेळी थांबत असे. आषाढात नव्या लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, ही आपल्याकडची रीत. त्या रात्री नदीकाठच्या कितीतरी घरांत अशा मुली झोपल्या असतील. त्यांचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी झालेलं आणि सासरच्या गावाला पूर नाही, त्यामुळे तिथे कोणी त्यांचा शोध घेणार नाही. "कागदावर ते पोरगी कोठीच नोती माय," आजी म्हणायची. मग माझ्याकडे बघायची, कारण माझी आईही त्या आठवड्यात तशीच होती. नागपुरात बाबांना दोन दिवस कळत नव्हतं की पाणी आमच्या आजोळात शिरलं की नाही. तेव्हा त्या भागात फोन मोजके, आणि जे होते तेही बंद पडलेले.

मामांची गोष्ट बंडीची. सरकारी मदत यायच्या आधी आसपासच्या गावांनी चुली पेटवल्या. हे कोणी ठरवलं, असं मी विचारलं तेव्हा मामांना प्रश्नच कळला नाही. रात्रीतून खबर आली आणि घराघरातून बायांनी भाकरी थापल्या. आजीनं पीठ द्यायला नाही म्हटलं होतं, शिजवलेलंच द्यायचं असा तिचा हट्ट. "तिथं चूल कोठची? सरपण ओलं, काडीपेटी ओली, पानी पेवाचं नाई. पीठ नेऊन का करतीन?" म्हणून भाकरी, झुणका, तेलातला ठेचा, फुटाणे, गूळ. बंडीत अजून काय घातलं ते मामा बोटांवर मोजून सांगत: कंदील, रॉकेलचा डबा, सुतळीचे गुंडे, फावडी, घमेली, दोन घागरी प्यायचं पाणी, आणि जुन्या धोतरांचे फाडलेले पट्टे. पट्टे कशाला, असं मी विचारलं होतं. जखमा बांधायला आणि मेलेल्यांवर पांघरायला, ते म्हणाले, आणि पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला.

पुढच्या काही दिवसांत कपडे आले. ट्रकच्या ट्रक. माणसं चांगल्या मनानं देतात, यात मला शंका नाही. पण त्या ढिगातून नेसता येईल असं नऊवारी लुगडं म्हाताऱ्या बाईला मिळत नव्हतं, परकर तर नाहीच. आजी हे हळू आवाजात सांगायची, मामा उठून गेल्यावर. एकाच लुगड्यावर दिवस काढणाऱ्या, अंधार पडेपर्यंत आडोशाला जायची वाट बघणाऱ्या, आणि म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायांबद्दल. पाळी आलेल्यांबद्दल तर ती फक्त "त्याहीचं तं विचारूच नको" एवढंच म्हणे. मदतीच्या कुठल्याही अहवालात मला हे पुढे क्वचितच वाचायला मिळालं आणि जेव्हा मिळालं तेव्हा ते एखाद्या बाईनंच लिहिलेलं होतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते पटवारी साहेबांबद्दल. त्यांचा साझा मोवाडचा नव्हता, नदीकाठच्याच दुसऱ्या एका लहान खेड्याचा होता. तिथे माणूस दगावला नाही, घरं मात्र बरीच बसली. मातीच्या भिंती, वर कवेलू; पाण्यात भिंतीचा पाया विरघळला की छप्पर आपल्याच वजनानं खाली येतं. त्यांच्याकडचे कागद भिजून गोळा झाले होते. तालुक्याहून निरोप आला, यादी करा. किती कुटुंबं, किती माणसं, कोणाचं काय गेलं.

त्यांनी शाळेच्या पटांगणातल्या कडुनिंबाखाली एक पोतं अंथरलं आणि पाच जणांना बोलावून घेतलं. कोतवाल, शाळेचे गुरुजी, टपालवाला, रेशन दुकानदार आणि गावची दाई. या पाच जणांची नावं ते मला सांगत, मी इथे लिहीत नाही. गुरुजींना लेकरं माहीत, हजेरीपटाच्या क्रमानं. दुकानदाराला कार्डं माहीत. टपालवाल्याला हे ठाऊक की कोणत्या म्हातारीला बाहेरगावच्या लेकाची मनीऑर्डर येते, म्हणजेच कोणती म्हातारी घरात एकटी आहे. कोतवालाला प्रत्येक वाडा, प्रत्येक कोठा, गावाबाहेरचं पालसुद्धा ठाऊक. आणि दाईला जे ठाऊक ते यांच्यातल्या कोणालाच नव्हतं: कोणती बाई दिवसांत आहे, कोणाचं बाळ महिन्याचं आहे, कोणती पोर माहेरी आलेली आहे.

"बाई," ते मला सांगायचे, "पाची जणांचं सांगणं एका कागदावर उतरलं तवा गाव पुरं झालं. एकानं बी सांगितलं नसतं तं कोणीतरी सुटलं असतं." दाईला पोत्यावर बसवायला एक-दोघांनी नाक मुरडलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. ती खालच्या वस्तीतली. त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवलं आणि पहिलं नाव तिलाच विचारलं. दोन बाळंतिणींना त्याच दिवशी बंडीतून नरखेडला हलवलं गेलं ते तिच्या सांगण्यावरून.

त्या यादीचा दुसरा उपयोग नंतर झाला. मदत वाटताना त्यांनी माल आधी कोणाच्याही हाती दिला नाही. आधी नाव, मग घरातली माणसं, मग गरज, आणि ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. कोणी जास्त सांगितलं तर शेजारीच बोलत, कोणाचं राहिलं तरीही शेजारीच बोलत. मला आजही वाटतं की पारदर्शकता या विषयावरच्या शासकीय परिपत्रकांपेक्षा ही मोठ्यानं वाचलेली यादी जास्त कामाची होती.

आता थोडं नागपूर शहराबद्दल. संकटात माणसं कशी वाचवायची हे शिकवणारी देशातली जुनी संस्था याच शहरात, सिव्हिल लाईन्समध्ये आहे. 29 एप्रिल 1957 रोजी केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था म्हणून ती सुरू झाली, पुढे 1968 मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली, आणि आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत सामावली आहे. अग्निशमन महाविद्यालयही इथलंच. देशभरातले अधिकारी दोर, बोटी आणि ढिगारे हाताळायला नागपुरात येऊन शिकत होते तेव्हा शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या खेड्यात सरकारच्या हाताशी एक पटवारी आणि एक पोतं होतं. हा दोष कोणा एकाचा नाही. ज्ञान शहरात साठतं आणि नदी खेड्यात चढते, आणि मधलं अंतर कापायला तेव्हा यंत्रणाच नव्हती.

यंत्रणा आली ती आणखी एका घावानंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे करायला सुरुवात झाली. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण, 1077 क्रमांकाचा नियंत्रण कक्ष, राज्याच्या प्रतिसाद दलाची नागपुरातली तुकडी. हे सगळं गरजेचं होतं आणि त्यानं माणसं वाचली आहेत.

2020 च्या ऑगस्टच्या अखेरीस मी हे जवळून पाहिलं. नागपुरात त्या दिवसांत फारसा पाऊस नव्हता. पाऊस होता वर, मध्य प्रदेशात, छिंदवाडा आणि शिवनी जिल्ह्यांत. पेंच आणि कन्हान भरल्या, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडावे लागले. तिकडे वैनगंगेवर संजय सरोवरातून पाणी सुटलं. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते तिथे दोन्ही पूर एकत्र झाले. खाली गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले गेले. कामठी, पारशिवनी, मौदा, कुही, पुढे भंडारा शहर, ब्रह्मपुरी तालुका, गडचिरोली. वर ऊन पडलेलं आणि अंगणात पाणी, असा पूर होता तो. लोकांना खरंच वाटेना की पाणी येतंय.

करोनाची साथ जोरात होती आणि गणपतीचे दिवस होते. मौद्याकडच्या एका शाळेत हलवलेल्या कुटुंबांनी बसवलेले गणपती सोबत आणले होते, वर्गात बाकांवर ओळीनं मांडलेले. एका वर्गात माणसं अंतर ठेवून झोपवायची तर झोपवायची किती? मदत जुळवायला आम्ही मैत्रिणी घरूनच फोनवर होतो, गावातली पोरं प्रत्यक्ष फिरत होती. माणसांना पहिल्यांदा बाहेर काढलं ते ढिवरांनी, आपल्या डोंग्यांतून. बोटी येईपर्यंत त्यांनी कित्येक फेऱ्या केल्या. नदी त्यांच्या रोजच्या वावरातली, प्रवाह कुठे ओढतो आणि कुठल्या बाभळीला डोंगा बांधता येतो हे त्यांना न सांगता कळत होतं.

दोन दिवसांत मदतीच्या गाड्या सुरू झाल्या आणि मोठा घोळ झाला. महामार्गालगतच्या एका गावाला तीन संस्थांनी तीनदा किट दिलं. तिथून आत, चिखलाच्या रस्त्यावरच्या वस्तीला तांदळाचा दाणा पोचला नव्हता. देणारे सगळे प्रामाणिक होते. एकमेकांना विचारायची जागाच नव्हती. माझ्या फोनवर तालुक्यातल्या गावांची नावं होती, मोबाईलचे नंबर होते, पण त्या वस्तीत किती चुली आहेत हे सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा मला पटवारी साहेबांचं पोतं आठवलं.

पाच माणसं मी शोधायला लागले. कोतवाल अजून कोतवालच होता. दाईच्या जागी आशाताई, तिच्या वहीत गरोदर बाया आणि रक्तदाबाचे, साखरेचे रुग्ण. गुरुजींबरोबर अंगणवाडीताई, तिच्याकडे सहा वर्षांखालची लेकरं. रेशन दुकानदार तोच, फक्त मशीन नवं. टपालवाल्याच्या मनीऑर्डरी संपल्या होत्या. त्याऐवजी निराधार योजनेचे पैसे काढायला म्हाताऱ्यांना बँकेत नेणारा एक पोरगा निघाला, गावातल्या एकट्या म्हाताऱ्या त्यालाच ठाऊक. या सगळ्यांना एका फोनवर जोडलं तेव्हा त्या वस्तीची यादी अर्ध्या तासात झाली. किती किट, हे त्यातून कळलंच, पण त्याहून मोलाचं असं कळलं की एका आजींचं इन्सुलिन वाहून गेलंय आणि एका घरात नववा महिना चालू आहे. पहिली गाडी तांदूळ न घेता औषध घेऊन गेली.

पंचनाम्याचं काम नंतरचं आणि ते वेगळ्या तऱ्हेनं कठीण. चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस महसूल मंडळात नोंदला तर अतिवृष्टी, तेहतीस टक्क्यांवर पिकाचं नुकसान, शेतात तीन इंचांवर गाळ, घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात. नियमाला मोजमाप लागतंच, ते मला मान्य आहे. पण 2020 सारख्या पुरात गावात पाऊसच नव्हता, पाणी दुसऱ्या राज्यातून आलं. अशा वेळी पर्जन्यमापकाकडे बघून उपयोग नसतो हे प्रत्येक पायरीवर नव्यानं समजावून सांगावं लागतं. धानाचं नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. संत्र्याचं तेही नाही. पूर ओसरला, झाड हिरवंगार उभं आहे, पंचनाम्यात बाग शाबूत लिहिली जाते. मुळाशी पाणी साचून राहिलेलं असतं, बुरशी लागते, खोडातून डिंक गळायला लागतो. डिंक्या म्हणतात त्याला. झाड पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी वाळतं. मामांची नदीकडची निम्मी बाग अशी पुरानंतर हळूहळू गेली आणि तोवर मदतीच्या फायली केव्हाच बंद झाल्या होत्या. पुराचा शेवट पाणी उतरल्यावर होतो, असं मानणाऱ्या माणसांनी संत्र्याच्या बागाईतदाराकडे एकदा तीन वर्षांनी जाऊन यावं.

मोवाडचं पुनर्वसन जवळच उंचावर झालं. दरवर्षी 30 जुलैला तिथे लोक जमतात, गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. आई मला एकदा घेऊन गेली होती. आजीच्या चुलतबहिणीच्या गल्लीतली जी घरं आजी सांगायची, त्यांतल्या एका घरातल्या बाई तिथे भेटल्या. त्यांनी मला माझ्या आजीच्या नावानं ओळखलं आणि लगेच सांगायला सुरुवात केली: त्या रात्री घरी कोण कोण होतं.

आजी गेली, पटवारी साहेबही गेले. मामा थकले आहेत, पण मृग लागायच्या आधी ते आता मला फोन करून यादीची आठवण करून देतात. आजोळच्या गावात आम्ही एक वही सुरू केली आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आशाताई, अंगणवाडीताई, कोतवाल, दुकानदार आणि ग्रामपंचायतीचा शिपाई एकत्र बसतात. प्रश्न साधे आहेत. घरात रात्री झोपायला कोण असतं? कोणाला उचलून न्यावं लागेल? रोजची गोळी कोणती? दिवसांत कोण आहे? जनावरं किती आणि त्यांची दावी कोण सोडेल? पाहुणी कोण येणार आहे? शेवटचा प्रश्न आजीचा. आषाढ लागला की तो पुन्हा एकदा विचारायचा, असं ठरलं आहे. वहीची एक प्रत उंचावरच्या घरी, एक तहसिलात, आणि फोटो काढून सगळ्यांच्या फोनमध्ये.

एक जागा अजून रिकामी आहे. नदीकडच्या बागांमधून सालदारांच्या झोपड्या आहेत, बरीच कुटुंबं बैतूल-छिंदवाड्याकडची. त्यांची कार्डं तिकडची, लेकरं इथल्या अंगणवाडीत कधी येतात कधी नाही, आणि पाणी चढलं तर सगळ्यात आधी त्यांच्याच झोपडीत शिरणार. आशाताईंच्या वहीत ती नाहीत, दुकानदाराच्या मशीनमध्ये नाहीत. मालकांना विचारलं तर "असतीन पाच-सहा जण" असं उत्तर मिळतं. यंदा कोतवाल आणि मामांचा मुलगा स्वतः बागांमधून फिरून, झोपडीसमोर बसून नावं लिहून घेणार आहेत. त्यांच्यासाठी वहीची पानं मी वेगळी सोडली आहेत.